मुक्काम आधी ठरवा, रस्ता मग
मानपाड्यातून माळशेज, जुन्नर आणि भंडारदरा : मित्रांसोबतच्या निवांत कॅराव्हॅन सहलीची तयारी

मानपाड्यात राहणाऱ्याला डोंगर नवा नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यामागे येऊरचे जंगल उभे आहे. डोंबिवलीच्या मानपाड्यातून मलंगगडाची रांग दिसते. पहाटे निघालो तर नाश्त्याच्या वेळेपर्यंत माळशेजच्या पायथ्याशी पोहोचता येते. आपल्यापैकी बहुतेकांनी आजूबाजूचे सगळे घाट एका दिवसात जाऊन-येऊन पाहिलेले असतात. पण त्या धावपळीत दिवसातल्या सर्वांत सुंदर वेळा हातून निसटतात. संध्याकाळी गर्दी उतरून गेल्यानंतरचा घाट आणि पहाटे धुके विरताना दिसणारे धरणाचे पाणी फक्त मुक्कामी माणसाला दिसते.

कॅराव्हॅनचा खरा उपयोग इथेच आहे. झोपायला गादी, चहाला शेगडी आणि स्वच्छतागृह सोबत असले की निघण्याची घाई उरत नाही. असे असूनही ही गाडी पहिल्यांदा भाड्याने घेणारे अनेक जण चार दिवसांत गोवा करून येण्याचा बेत आखतात. जाऊन-येऊन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर पडते आणि सुटीचा बहुतेक वेळ महामार्गावर बसून जातो. तेवढेच करायचे तर साधी मोटार आणि हॉटेल अधिक सोयीचे, स्वस्तही.

म्हणून या लेखाचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा : नकाशा उघडून आधी मुक्काम ठरवा, मग त्यांना जोडणारा रस्ता शोधा. दिवसाला शंभर किलोमीटर पुष्कळ झाले. दोन मुक्कामांमध्ये एक दिवस गाडी जागची न हलवण्याचाही ठेवा.

हा रस्ता तांड्यांचाच आहे

कल्याण हे प्राचीन बंदर. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणचे दाते भेटतात. या बंदरातला माल जनावरांच्या पाठीवर लादून, नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणच्या वाटेला लागत असे. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. जकातीसाठी वापरला जाई असे सांगतात तो दगडी रांजण आहे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. त्या टाक्यांकडे नीट पाहावे. माणसांना आणि जनावरांना पाणी कुठे मिळेल यावर त्या तांड्यांचा दिवस बेतलेला असणार. आपल्या गाडीत टाकी, बॅटरी आणि शेगडी असली तरी गरज तीच आहे : रात्री पाणी, सपाट जागा आणि ओळखीचा माणूस.

म्हणूनच पहिल्या सहलीसाठी मी ही वाट सुचवतो : मानपाडा, मुरबाड, माळशेज, ओतूर-जुन्नर, आळेफाटा, संगमनेर, अकोले, भंडारदरा, घोटी, कसारा आणि परत मानपाडा. पाच दिवस, चार रात्री. आजूबाजूचे फिरणे धरून हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आत बसते.

गाडी ठरवताना

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यानुसार कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क या दोन्हींची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. गाडी भाड्याने घेताना ही नोंदणी आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. पुढचे प्रश्नही तितकेच आवश्यक :

पाटी कोणत्या रंगाची आहे? चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते. स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

गाडी मान्यताप्राप्त बांधणीची आहे का? मोटर कॅराव्हॅनसाठी देशात एआयएस-१२४ हे मानक आहे. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून घरगुती पलंग आणि शेगडी बसवलेली गाडी दिसायला छान असेल, पण घाटातल्या वळणावर सुटलेले कपाट जीवघेणे ठरते. नोंदणी पुस्तिकेतला वाहनाचा प्रकार स्वतः वाचून घ्या.

परवाना पुरेसा आहे का? एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ च्या निकालात व्यावसायिक वाहनांबाबतही हे स्पष्ट केले आहे. सहलीला वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कॅराव्हॅन या वजनाच्या आत असतात. तरीही अशी लांब आणि उंच गाडी कधीच चालवली नसेल तर चालकासह घ्या.

भाड्यात काय काय धरले आहे? रोजच्या किलोमीटरची मर्यादा, त्यावरचा दर, डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, अनामत रक्कम आणि शौचालयाची टाकी साफ करण्याचा खर्च या सगळ्यांची उत्तरे लेखी मागा. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावरची गाडी लिटरला आठ-दहा किलोमीटर देते असे धरले, तर या फेरीला पन्नास-साठ लिटर डिझेल लागेल.

चालक सोबत असेल तर त्याची झोप ही तुमची जबाबदारी आहे. त्याच्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी वेगळी खोली किंवा स्वच्छ खाट आधीच सांगून ठेवा. जेवायला त्याला आपल्या पंगतीत बसवा. रात्री तुम्ही गप्पा मारत जागाल, त्याला जागायला लावू नका. उद्याचा घाट त्यालाच उतरायचा आहे.

दोन मानपाडे, दोन घाटघर

मित्रांपैकी निम्मे ठाण्यात आणि निम्मे डोंबिवलीत असतील तर गाडी कुठे येणार हे शब्दांत न सांगता नकाशावरची खूण पाठवून ठरवा. ‘मानपाडा’ एवढ्याच पत्त्यावर आलेला चालक चुकीच्या मानपाड्यात उभा राहिला तर सकाळचा मोकळा रस्ता हातचा जातो. सोसायटीच्या फाटकाची उंचीही मोजून ठेवा. छतावर एसी असलेली कॅराव्हॅन दहा फुटांच्या आसपास जाते, म्हणजे ती अनेक कमानींखालून आणि उंचीचे आडवे खांब लावलेल्या रस्त्यांवरून जात नाही. अशा वेळी मोठ्या रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत सामान भरणे बरे.

असाच घोळ पुढेही आहे. जुन्नर तालुक्यात जीवधनजवळ एक घाटघर आहे, नाणेघाटाला जाताना ते लागते. दुसरे घाटघर भंडारदऱ्याच्या पलीकडे, अकोले तालुक्यात आहे. मोबाइलमध्ये नुसते ‘घाटघर’ टाकून गाडी हाकू नका, तालुक्याचे नाव जोडा. घाटमाथ्यावर नेटवर्क जाते, म्हणून सगळ्या फेरीचा नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या. गावांची नावे क्रमाने लिहिलेला एक कागदही चालकासमोर ठेवा.

पाच दिवसांचा बेत

पहिला दिवस. सकाळी सहाच्या आत निघा. ठाण्याकडच्यांनी माजिवडा, रांजणोली, दुर्गाडीमार्गे कल्याण ओलांडून शहाडवरून मुरबाड रस्ता धरावा. डोंबिवलीकरांना काटई-बदलापूर आणि बारवी धरणाच्या बाजूने मुरबाडला जाता येते. बारवीचे पाणी औद्योगिक विकास महामंडळामार्फत आपल्या परिसरात येते, त्यामुळे ते जंगल एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे. पौष पौर्णिमेच्या सुमारास निघणार असाल तर म्हसा गावच्या यात्रेची गर्दी लक्षात घ्या.

मुरबाड सोडले की टोकावडे, वैशाखरे, मोरोशी ही गावे लागतात. उजवीकडे-डावीकडे सह्याद्रीची भिंत जवळ येत जाते. वैशाखऱ्यापाशी थांबून नाणेघाटाचा सुळका, नानाचा अंगठा, शोधा. उद्या नाणेघाट निवडलात तर तिथेच वर उभे राहायचे आहे. माळशेज घाट दुपारच्या आत चढा. ठरवून दिलेल्या जागेशिवाय थांबू नका आणि माकडांना खाऊ घालू नका, त्यांना गाडीची दारे उघडता येतात. वर पोहोचल्यावर पिंपळगाव जोगा धरणाच्या काठाने ओतूरकडे या आणि तिथल्या एखाद्या शेतात किंवा कृषी पर्यटन केंद्रात मुक्काम करा. हिवाळ्यात या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात, दुर्बीण सोबत असू द्या.

दुसरा दिवस. कॅराव्हॅन जागेवरच ठेवा आणि स्थानिक जीप ठरवून नाणेघाट, शिवनेरी, लेण्याद्री यांपैकी कोणतीही दोन ठिकाणे पाहा. तिन्ही करण्याचा हट्ट नको. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्या मित्राला आधी सांगा. लेण्यांच्या आवडीसाठी जात असाल तर गणपतीचे दर्शन झाल्यावर शेजारचे चैत्यगृह पाहिल्याशिवाय उतरू नका. रात्री जेवायला मासवडी आणि बाजरीची भाकरी यजमानांना सकाळीच सांगून ठेवावी लागते, मासवडी हा सावकाश होणारा पदार्थ आहे.

तिसरा दिवस. हा या फेरीतला लांब टप्पा. आळेफाट्याला पुणे-नाशिक महामार्ग धरून संगमनेर, तिथून अकोले आणि राजूरमार्गे भंडारदरा. ओतूरहून ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे जवळचा रस्ता आहे, पण मोठ्या गाडीसाठी महामार्ग अधिक सुखाचा. अकोल्यात अगस्ती ऋषींच्या मंदिरापाशी, प्रवरेकाठी दुपारची विश्रांती घ्या. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावात पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आहे. ती पाहायची इच्छा असेल तर आधी विचारून, वेळ घेऊन जा आणि सोबत घरच्या कुंडीसाठी का होईना, बी विकत घ्या. राजूरला पेढे घ्यायला थांबण्याची परंपरा मोडू नका.

चौथा दिवस. भंडारदरा. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. आज गाडी हलवायची नाही. जलाशयाच्या कडेने रतनवाडीपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, तिथेही स्थानिक वाहनानेच जा. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि त्याची पुष्करणी यांना निदान तासभर द्या. ज्यांना चढायचे आहे त्यांनी पहाटे बारी गावातून कळसूबाईला निघावे, उंची १,६४६ मीटर. बाकीच्यांनी पाण्याकाठी पुस्तक घेऊन बसावे. मित्रांच्या सहलीत सगळ्यांनी सगळे केलेच पाहिजे असे नसते, आणि ज्या गटाला हे कळते तो पुढच्या वर्षीही एकत्र निघतो.

पाचवा दिवस. बारीवरून घोटी, इगतपुरी. घोटीत तांदूळ घ्या. उतरताना दोन पर्याय आहेत. दिवसाउजेडी, हवा स्वच्छ असताना कसारा घाट घ्या आणि शहापूरला जेवा. धुके, पाऊस किंवा उशीर असेल तर समृद्धी महामार्गाने इगतपुरीहून आमण्याला उतरा. हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, त्यातल्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटाची वळणे टळतात. भिवंडी-माजिवडा आणि कल्याण-शीळ रस्त्यांवर संध्याकाळची कोंडी लागण्याआधी, म्हणजे चारपर्यंत घरी पोहोचायचे असा हिशेब करा.

मुक्कामाची जागा कशी निवडावी

नकाशावर दिसणारी पाण्याकाठची सपाट जागा बहुधा वनखात्याची, पाटबंधारे खात्याची किंवा कोणाच्या तरी वहिवाटीची असते. भंडारदऱ्याचा मोठा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे परवानगीशिवाय रात्री गाडी लावणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून मुक्कामासाठी तीनच प्रकारच्या जागा धरा : पर्यटन महामंडळाचे निवास (माळशेज आणि भंडारदरा दोन्हीकडे ते आहेत), नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्र, किंवा मालकाने स्वतः होकार दिलेले शेत. आधी फोन करून पुढील गोष्टी विचारा :

जमीन कसली आहे? मुरमाड जमीन उत्तम. काळ्या मातीत अवकाळी पावसाची एक सर आली तरी तीन-साडेतीन टनांची गाडी रुतते.

आत येण्याचा रस्ता किती रुंद, फाटक किती उंच, वरून विजेच्या तारा किती खाली आल्या आहेत, गाडी वळवायला जागा आहे का?

पंधरा अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग आहे का? पिण्याचे पाणी कुठून? पाहुण्यांसाठी शौचालय आणि न्हाणीघर आहे का?

जागेचे भाडे मोकळेपणाने विचारा आणि घासाघीस करू नका. भाकरी, भाजी, दूध, अंडी त्यांच्याकडूनच घ्या. कॅराव्हॅनवाले सगळे शहरातून भरून आणतात आणि कचरा मागे ठेवून जातात अशी गावाची समजूत झाली, तर पुढच्यांसाठी फाटक बंद होईल. आपण पैसे, आदर आणि स्वच्छ जागा मागे ठेवून निघावे.

पाणी, वीज, गॅस

पाणी. समजा टाकी दीडशे लिटरची आहे आणि तुम्ही सहा जण आहात. हात-तोंड धुणे, स्वयंपाक, भांडी आणि शौचालय यांसाठी माणशी दहा-बारा लिटर धरले तर दोन दिवस निघतात. आंघोळी यजमानांच्या न्हाणीघरात करा. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे घाट चढण्याआधी टाकी काठोकाठ भरू नका, वर गेल्यावर भरा.

सांडपाणी. भांड्यांचे साबणपाणी ओढ्यात किंवा धरणात सोडू नका. यजमानांच्या शोषखड्ड्यात, त्यांना विचारून सोडा. शौचालयाची पेटी रोज किंवा दिवसाआड फक्त सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयात, परवानगीने रिकामी करा. त्यासाठी जैविक द्रावण वापरा. फॉर्मलिनसारखी रसायने सेप्टिक टँकमधले उपयुक्त जिवाणू मारतात आणि यजमानांचे नुकसान होते. हे काम पाळीपाळीने करावे, एकाच मित्राच्या गळ्यात घालू नये.

वीज. बारा व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. एक टनाचा एसी चालू असताना हजार वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे दोन-अडीच तासांत बॅटरी संपते. याउलट दिवे, पंखे, मोबाइल आणि लहान फ्रिज एवढ्यावर रात्र सहज निघते. घाटमाथ्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत एसी लागतच नाही, उलट जाड गोधड्या लागतात. बाहेरून वीज घेताना तीन तारांची, अडीच चौरस मिलिमीटरची केबल वापरा आणि ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल भार आल्यावर तापते, वितळते. रात्री जनरेटर लावू नका. शेजारच्या वस्तीत माणसे पहाटे दुधाला उठणारी असतात.

गॅस. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर उचलून गाडीत ठेवू नका. पाच किलोचा लहान सिलिंडर गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्रावर मिळतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी असायला हवी. गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करणे हे एकाच माणसाचे काम ठेवा. थंडी कितीही असो, निखाऱ्यांची शेगडी गाडीच्या आत कधीही आणू नका. बंद जागेतल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस त्यातून उठत नाही. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आणि अग्निशामक नळकांडे गाडीत आहे ना, चालते ना, हे ताब्यात घेतानाच तपासा.

घाटातली गाडी

गाडी चालू असताना कोणीही पलंगावर झोपायचे नाही, ओट्यापाशी उभे राहायचे नाही. सगळे आपापल्या जागी, पट्टा बांधून. कपाटांच्या खिट्या, फ्रिजचे दार, छताची खिडकी, बाहेरची पायरी, बाजूचा छज्जा आणि विजेची केबल यांची फेरी निघण्यापूर्वी रोज मारायची. छज्जा उघडा राहून झाडाला अडकणे हा सर्वांत सहज होणारा आणि महाग पडणारा अपघात आहे.

घाट ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. जळका वास आला की सुरक्षित जागा पाहून थांबा, अर्धा तास जाऊ द्या. चढणाऱ्या गाडीला पहिला मान, हा नियम पाळा. मागे वाहने साचली तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. आपल्याला घाई नाही, त्यांना आहे. उंच गाडीला आडवा वारा ढकलतो, म्हणून खिंडीतून उघड्यावर येताना दोन्ही हात चाकावर असू द्या. अंधार पडल्यावर घाटात गाडी घालायची नाही, मुक्कामी उजेड असतानाच पोहोचायचे. उतार, झाड, तार आणि नाला हे सगळे उजेडातच दिसते.

बिबट्या, साप आणि मदत

मानपाड्यातल्या लोकांना येऊरच्या बिबट्याची कल्पना आहे. जुन्नर तालुक्यात मात्र तो जंगलापेक्षा उसात जास्त राहतो. त्यामुळेच जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्र आहे. उसाच्या फडाला लागून मुक्काम करू नका. दिवस मावळल्यावर मुलांना एकटे सोडू नका, खाली बसून काही शोधू नका, शौचाला शेतात जाऊ नका. बाहेर बसायचे तर गाडीला पाठ लावून, दिवा लावून बसा. हाडे, उष्टे, माशाचे पाणी आसपास टाकले की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. पाळीव कुत्रा सोबत असेल तर त्याने रात्री गाडीतच झोपावे.

बूट आत ठेवा किंवा झटकून घाला, रात्री पाय टाकण्यापूर्वी बॅटरी मारा. सर्पदंश झाला तर पट्टी आवळणे, चिरणे, चोखणे काही नको. माणसाला शांत ठेवून सरळ दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि वनखात्यासाठी १९२६ हे क्रमांक दाराच्या आतून चिकटवा. प्रत्येक मुक्कामाच्या जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, हे यजमानांना पोहोचल्याबरोबर विचारून ठेवा.

ऋतू आणि सोबती

सप्टेंबरच्या अखेरीपासून सोनकी फुललेली असते, फेब्रुवारीपर्यंत हवा सुखाची. पहिल्या सहलीसाठी हाच काळ घ्या. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा परिसरात काजवे चमकतात, पण तेव्हा गर्दी फार असते आणि वनखात्याचे निर्बंधही असतात. जायचेच तर मधल्या वारी जा आणि गाडीचे दिवे झाडांवर टाकू नका, उजेडाने काजव्यांचे मीलन बिघडते. भर पावसात माळशेजमध्ये दरडी कोसळतात, दाट धुके उतरते आणि प्रशासन धबधब्यांवर मनाईही करते. जुलै-ऑगस्टमध्ये कॅराव्हॅन तिकडे नेऊ नका.

माणसे निवडताना गाडीतल्या पलंगांपेक्षा एक माणूस कमी घ्या. सहा जणांच्या गाडीत पाच जण मोकळे राहतात, सामानालाही जागा होते. पैसे आधी एका खात्यात जमा करा आणि हिशेब एकाने ठेवावा. स्वयंपाक, पाणी-शौचालय, नकाशा-फोन आणि गाडीची तपासणी अशी कामे रोज फिरती ठेवा. घोरणाऱ्याने, लवकर उठणाऱ्याने आणि पथ्य असणाऱ्याने आधीच तसे सांगावे. दारूबद्दलचा निर्णय निघण्यापूर्वी सर्वांसमोर व्हावा. चालवणाऱ्याने आदल्या रात्रीही घ्यायची नाही आणि यजमानांच्या अंगणात त्यांच्या परवानगीशिवाय कोणीच नाही. दिवसातले दोन तास प्रत्येकाला एकटे राहण्याची मुभा ठेवा. पाच दिवस एका छपराखाली राहायचे तर बोलण्याइतकीच गप्प बसण्याचीही सोय लागते.

आधी एक रात्र करून पाहा

पाच दिवसांची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्याच गाडीने, त्याच मित्रांसोबत एका रात्रीची रंगीत तालीम करा. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातले शेत त्यासाठी पुरेसे आहे, दोन्ही आपल्याला जवळ. तिथे गाडी उलटी घेऊन लावा, छज्जा उघडा-मिटा, केबल जोडा, पाच माणसांचा स्वयंपाक करा, शौचालयाची पेटी रिकामी करा आणि रात्री सगळे आत झोपा. पाणी किती लागले, बॅटरी किती उतरली, कोणाला कोणता पलंग आखूड पडला हे सकाळी चहा घेताना लिहून काढा. त्या एका पानावरून तुमच्या मोठ्या सहलीची यादी तयार होईल. ती कोणत्याही लेखातल्या यादीपेक्षा तुमच्या अधिक उपयोगाची असेल, कारण ती तुमच्या माणसांची आणि तुमच्या सवयींची असेल.

मग कॅलेंडर घ्या, दिवाळीनंतरचा एक आठवडा निवडा. शनिवार-रविवारपैकी एक दिवस तरी प्रवासाला न लागता मुक्कामाला येईल असे पाहा आणि ओतूरच्या व भंडारदऱ्याच्या यजमानांना फोन लावा. त्या दोघांचा होकार आला की गाडी ठरवा.